बंडप्पांनी विकत घेतलेला कळप

ईट गावच्या बंडप्पांनी चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली. गुडघे गेले, बाजार सुटला, आणि माणूस घरात बसून सगळ्यांवर डाफरायला लागला. कंटाळून सून शिवप्रियानं त्यांच्याच पैशानं कॉम्प्युटरवर गुरं पाळायचा एक खेळ विकत घेतला. तीन वर्षांत बंडप्पांनी त्यात बासष्ट जनावरं वाढवली. प्रत्येकाला नाव. गाव हसलं, पण गावाच्या हसण्याची फिकीर त्यांनी कधीच केली नव्हती.

एका सकाळी पडद्यावर सूचना आली, खेळ बंद झाला आहे. कंपनीनं नवा भाग काढला होता, म्हणून जुन्याचा सर्व्हर बंद. जनावरं घरच्याच कॉम्प्युटरात होती, पण सर्व्हरनं होकार दिल्याशिवाय गोठ्याचं दार उघडत नव्हतं. बंडप्पा दुपारी जेवले नाहीत.

"सूनबाई, तक्रार लिही," ते संध्याकाळी म्हणाले. "म्या पैसे मोजल्यात. माझा कळप मला पायजे."

धाराशिवच्या ग्राहक आयोगात कंपनीचे वकील ऐटीत उभे राहिले. "यांनी खेळ घेतलेलाच नाही. फक्त वापरायचा परवाना घेतला. तो कधीही काढून घेता येतो, हे करारात छत्तिसाव्या पानावर आहे. यांनी 'मान्य' दाबलंय."

बंडप्पांनी वकील लावला नव्हता. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला.

"साहेब, आमच्या बाजारात भाव असा रुमालाखाली ठरतो, बोटं धरून. भवतालच्या कुणाला कळत न्हाय. पण खाली हात दोघांचे असत्यात. ह्या छत्तीस पानांखाली माझा हात कुठं होता? बटणावर तर 'विकत घ्या' लिवलं होतं."

शिवप्रियानं त्या बटणाचा फोटो पुढं केला. वकील जरा नरमले आणि उदार होऊन म्हणाले, नवा भाग फुकट देतो, विषय मिटवा.

"दावणीचा बैल सोडून न्यायचा अन् तिथं दुसरा बांधायचा, ह्याला आमच्याकडं चोरी म्हणत्यात," बंडप्पा म्हणाले.

मिळत होतं तेही म्हाताऱ्यानं घालवलं, असं शिवप्रियाला वाटलं. बंडप्पा मात्र परतीच्या एसटीत निवांत झोपले.

पाच महिन्यांनी निकाल लागला. सर्व्हरशिवाय चालेल अशी प्रत कंपनीनं द्यावी. प्रत आली. शिवप्रियानं ती कॉम्प्युटरवर चढवली आणि सासऱ्यांना हाक मारली. बंडप्पांनी आधी जाऊन इंटरनेटची वायर उपसली. मग खुर्चीत बसून खेळ उघडला.

बासष्टच्या बासष्ट दावणीला उभी होती.