बिल्ल्याचा खिळा

सायकलवरून लांब जाणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. रस्ता लांब, वेग बेताचा आणि सोबतीला तीन टाळकी, मग दुसरं होणार काय! आमच्याकडे तर इतके साठलेत की मी, सुधीर आणि गोपी भेटलो की चहा यायच्या आत एक सांगून होतो. चौथा वसंता. तो आता माळशेजच्या वर, ओतूरच्या पलीकडे आपल्या गावी असतो. तो समोर नसतो म्हणून की काय, सगळे किस्से फिरून त्याच्यावरच येतात.

नव्यांसाठी सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अंबरनाथच्या एका मंडळाला हुक्की आली आणि त्यांनी वर्षातून एकदा सायकलची लांब फेरी सुरू केली. पहाटे अंबरनाथहून निघायचं, बदलापूर, बारवी, मुरबाड करत माळशेजचा माथा गाठायचा आणि दिवे लागायच्या आत परत येऊन रस्त्यावर आखलेली फक्कीची रेघ ओलांडायची. पहिला-दुसरा नंबर वगैरे काही नाही. वेळेत आला त्याला पितळेचा बिल्ला! गिअरची सायकल आमच्यापैकी कुणी चालवली नव्हती. कामावर जायच्या त्याच काळ्या, कॅरिअरवाल्या सायकली आम्ही घाटावर न्यायचो.

मी, सुधीर आणि वसंता एकाच कंपनीत. सुधीर कात्रपला राहायचा, स्टोअरमध्ये होता. वसंता बेलवलीचा, लेथवर. गोपी उल्हासनगरचा सिंधी, कापडाच्या दुकानात बसून अंगानं चांगला सुटलेला. आम्हा तिघांना मजा हवी होती. वसंताला बिल्ला हवा होता. शाळेत, कंपनीच्या स्पोर्ट्समध्ये, त्याला कधी कुठं काही मिळालं नव्हतं. म्हणायचा, "घरात एक तरी वस्तू असावी रे, जी पगारातून आलेली नाही!"

*

पहिल्याच वर्षी मुरबाडच्या नाक्यावर गोपी हरवला. तो मागे असेल म्हणून आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. शेवटी शोधत गेलो, तर पठ्ठ्या शहापूरच्या रस्त्याला लागून एका टपरीवर भजी खात बसलेला!

"मला वाटलं तुम लोग पीछे हो," गोपी म्हणाला. "म्हणून थांबलो ना साईं! दोस्तीत थांबायला पाहिजे."

त्या वर्षी आम्ही घाट लांबूनच पाहिला. परत येताना वसंतानं नियम केला: सगळ्यात हळू असेल त्यानं सगळ्यात पुढं राहायचं. बाकीच्यांनी मागून. रेघही त्यानंच आधी ओलांडायची, त्याच्यामागे आपण. म्हणजे कुणी हरवणार नाही. लेथवरच्या माणसाचं डोकं, एकदा सेट केलं की केलं!

*

नियमाचा पहिला फटका दुसऱ्या वर्षी बसला. पांढरा शर्ट घातलेला गोपी पुढं, आणि त्याच्यामागे रांगेत आम्ही तिघं. निवडणुकीचे दिवस. मुरबाडच्या पुढं एका गावात माणसं हार घेऊन कुणाची तरी वाट बघत उभी होती. त्यांनी गोपीला अडवलं, हार घातला आणि खुर्चीवर चढवला. आमच्याकडे बघून कुणीतरी म्हणालं, "कार्यकर्त्यांनाही सावलीत बसवा!"

मंडळी भाषणाची वाट बघतायत. शेवटी घसा साफ करून गोपी म्हणाला,

"भाइयों, थोडं पाणी मिळेल का?"

टाळ्या! त्या गावात पाण्याचीच बोंब होती. नंतर प्रत्येक विहीर दाखवल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही. रेघेवर पोचलो तेव्हा मंडळाची पोरं मांडव सोडून घरी गेली होती.

*

सुधीर स्टोअरचा माणूस, त्यामुळे त्याच्या पिशवीत नाही असं काही नसायचं. पंप, पाने, सोल्युशन, मलम, छत्री, सुई-दोरा. आम्ही त्याची भरपूर थट्टा करायचो. पण तिसऱ्या वर्षी बारवीच्या उतारावर वसंताचं मागचं चाक काचेवर गेलं आणि ट्यूब पार फाटली, तेव्हा आम्ही तिघंही मोठ्या आदरानं त्या पिशवीकडे बघायला लागलो.

"घाबरू नका," सुधीर म्हणाला. "ट्यूब नवी आणलीय."

ट्यूब नवीच होती. त्याच्या मुलीच्या लहान सायकलची होती!

वसंतानं ट्यूब हातात घेतली. उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "पोरीला आवडेल, चांगली आहे." मग सायकल हातात धरून चालायला लागला. आज हसून सांगतो हे. त्याचं ते चालणं आठवलं की मात्र हसू अर्ध्यावरच राहतं.

*

आता खिळ्याचं. पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशीच वसंतानं घरात, दारातून येणाऱ्याला दिसेल असा भिंतीत खिळा ठोकला होता. बिल्ल्यासाठी! फेरी झाली, बिल्ला आला नाही. खिळा रिकामा बघून त्याच्या बायकोनं, मालनवहिनींनी त्यावर पिठाची चाळणी अडकवली. वसंता काढून ठेवायचा, त्या परत लावायच्या.

एकदा मी विचारलं, "वहिनी, ही बिल्ल्याची जागा ना?"

"तुमच्या बिल्ल्याचीच आहे भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तो येईस्तोवर चाळणीला भाड्यानं दिलीय!"

वसंता सगळ्यांत मोठ्यानं हसला. पण दुसऱ्या दिवशीपासून त्यानं कंपनीत सायकल सोडून दुसरं काही बोलणं बंद केलं.

*

चौथ्या वर्षी गोपीच्या आईनं घाटाखाली खायला म्हणून कोकी बांधून दिली. कांदा घातलेली, तुपानं थबथबलेली जाड सिंधी रोटी, वर दही आणि लोणचं. टोकावड्याला आंब्याखाली बसलो. जेवलो. जरा पाठ टेकली. प्रत्येकाला वाटलं, दुसरा जागा आहे!

उठलो तेव्हा ऊन कललं होतं. वसंता घाटाकडे पाठ करून बसला होता. गोपी म्हणाला,

"रूल तर पाळला ना यार. सगळ्यात स्लो तो पुढं. सगळ्यात आधी मीच झोपलो!"

*

पाचवी फेरी शेवटची. कंपनी बंद होणार हे तोवर नक्की झालं होतं आणि वसंतानं गावी जायचं ठरवलं होतं. बेलवलीची खोली महिनाअखेर सोडायची होती. म्हणजे बिल्ला मिळायचा तर याच वेळी.

त्या वर्षी सगळं जमलं. कुणी हरवलं नाही, हार नाहीत, पंक्चर नाही. कोकी आम्ही सायकलवरच खाल्ली. माथा गाठला, वळलो, बदलापुरात आलो तेव्हा हातात चांगला वेळ होता. आणि तिथं गोपीच्या पोटऱ्यांत गोळे आले. तो रस्त्याच्या कडेला आडवाच झाला.

"तू पुढं हो," मी वसंताला म्हणालो. तो हलेना. सुधीरनं सांगून बघितलं. शेवटी गोपी ओरडला, "अरे जा ना! तुझा खिळा अभी तक खाली है!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गोळ्यांमुळेही असेल.

वसंता गेला. आम्ही तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो. फार बरं वाटलं. सुधीरच्या पिशवीतलं मलम पहिल्यांदाच कामाला आलं, आणि आम्ही हळूहळू निघालो. गोपी पुढं, आम्ही मागे.

अंबरनाथला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मंडळाचा एक जण तणतणत समोर आला.

"तुमचा तो माणूस येडा आहे का हो? चांगला उजेडात आला. रेघेच्या अलीकडे सायकल स्टँडला लावली आणि बसला! आम्ही सगळे ओरडतोय, ओलांड, ओलांड! तर म्हणतो, पुढचा अजून यायचाय!"

वसंता फक्कीजवळ उकिडवा बसला होता. गोपीला बघून उठला, पँट झटकली.

"आलास? चल, हो पुढं."

गोपीनं रेघ ओलांडली. मग वसंतानं, मग आम्ही.

तसेच बेलवलीला त्याच्या घरी गेलो. मालनवहिनींनी चाळणी सकाळीच काढून ओट्यावर ठेवली होती आणि खिळा फडक्यानं पुसून ठेवला होता. त्या दारातच उभ्या होत्या. वसंतानं चपला काढल्या, आत गेला, ओट्यावरची चाळणी उचलली आणि खिळ्याला लावली.