ओट्याखालची रिकामी जागा

रत्नदीपच्या घरात दारूचा थेंब येत नव्हता, आणि तरीही गेला महिनाभर तो वाइन फ्रीज निवडत होता. याला कारण होतं एक भोक.

सिंगापुरातल्या चोआ चू कांगचा सरकारी एचडीबी फ्लॅट सोडून तो बायको हर्षा आणि मुलगी जाई यांच्यासह बुओना व्हिस्टाच्या महागड्या खासगी कॉन्डोत राहायला आला होता. आधीच्या मालकाने पडदे ठेवले, दिवे ठेवले, दारामागचे हुकसुद्धा ठेवले. नेला तो फक्त ओट्याखाली बसवलेला वाइन फ्रीज. तिथे एक उभी, काळी पोकळी उरली. स्वयंपाकघर उघडं, त्यामुळे पाहुणा सोफ्यावर कुठेही बसला तरी त्याची नजर नेमकी तिच्यावर जायची. निदान रत्नदीपला तसं वाटायचं.

"तांदळाचा डबा मस्त बसेल तिथे," हर्षा म्हणाली. "प्लायवुडचं दार लावून टाकू."

"कॉन्डोत? तांदळाचा डबा?" हर्षाने लिफ्टमध्ये पापड वाळत घालायला सुचवलं असावं, असा चेहरा त्याने केला.

"पप्पा, आपण ड्रिंक करतच नाही, देन बाय फॉर व्हॉट लाह?" जाईने फोनमधून डोकं न काढता, सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, मग घ्यायचा तरी कशाला. हा प्रश्न घरात सर्वांत शहाणा होता, म्हणून त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

खरं उत्तर रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचं. त्याचं नाव संजीव. पुण्याचा, जुरोंग आयलंडवर रत्नदीपच्याच प्लांटमध्ये मॅनेजर, आणि द्राक्षांच्या जातींवर बोलताना आवाज हळू करणारा. "काय म्हणता, किचनमध्ये वाइन फ्रीजची जागा आहे? मग मॉडेल कुठलं घेताय?" असं त्याने सहज विचारलं, आणि रत्नदीप म्हणून गेला, "अजून फायनल नाही." फ्रीज घेणार नाही, हे म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. झालं! त्या एका वाक्याने माणूस अडकला.

आणि अडकला तोही कुठे! रत्नदीपची आई, लताबाई, नवीन घरातल्या बौद्ध परित्राणपाठासाठी नागपूरहून येणार होती. तिचा नवरा दारूपायी गेला होता. नंतर तिने शिवणकाम करून पोराला इंजिनियर केलं आणि वस्तीतल्या बायका गोळा करून कोपऱ्यावरचं दारूचं दुकान बंद पाडलं. पंचशील म्हणताना पहिली चार शीलं ती सर्वांच्या सुरात म्हणे. पाचवं, मद्य न घेण्याचं, एक पट्टी वर. सगळ्या जगात तिने एकाच पुरुषावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. तो पुरुष सध्या शोरूममध्ये उभा राहून विचारत होता, "रेड आणि व्हाइट वेगवेगळ्या तापमानाला ठेवता येतात ना?"

रत्नदीप प्लांटमधल्या अजस्र शीतयंत्रांवर देखरेख करतो. शून्याखाली शंभर अंशांवरचा वायू त्याने कधी डगमगू दिला नाही. पण या कपाटाने त्याची झोप उडवली. काच अशी हवी की ऊन लागून वाइन बिघडणार नाही. कॉम्प्रेसर असा हवा की हादरे बसणार नाहीत, कारण वाइनला हादरे सोसत नाहीत म्हणे. जी वाइन घरात नव्हती आणि येणारही नव्हती, तिच्या प्रकृतीची एवढी काळजी सिंगापुरात दुसऱ्या कोणी वाहिली नसेल. शेवटी दोन कप्प्यांचा, निळ्या दिव्याचा, कुलूपवाला फ्रीज आला आणि भोकात चपखल बसला. आत लाकडी फळ्या, फळ्यांवर काही नाही.

"आता आईंना काय सांगणार?" हर्षाने विचारलं.

"फळं ठेवतो म्हणून सांगू."

"कुलूप लावून?"



लताबाई आली. घर फिरून पाहिलं, बाल्कनीतून खाली डोकावून "अगं माय!" म्हणाली, आणि निळ्या उजेडापुढे येऊन थांबली. प्रवासातली थंड पिशवी अजून तिच्या खांद्याला होती. त्यात तिचं इन्सुलिन.

"हे काय व्हय रे रतन? दुसरा फ्रीज कायले?"

रत्नदीपला फळं हा शब्द ऐन वेळी आठवेना. त्याची नजर त्या पिशवीवर गेली आणि तोंडातून निघालं, "तुझ्या इन्सुलिनसाठी, आई. मोठा फ्रीज सारखा उघडतो, थंडावा टिकत नाही. आणि जाईची मैत्रीण वगैरे हात लावेल, म्हणून कुलूप."

हर्षा कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली. लताबाईने पदराने डोळे टिपले आणि पिशवी उघडली. रत्नदीपने घाईघाईने वरचा कप्पा पाच अंशांवर आणला. निदान इंजिनियर म्हणून तरी तो खोटा पडायला नको होता.

रविवारी परित्राणपाठ झाला. पाचवं शील पट्टीत वर गेलं तेव्हा रत्नदीपने मान खाली घातली. पाठ संपून खीर वाटायला सुरुवात झाली, आणि उशिरा आलेला संजीव दारात दिसला. हातात उभी, निमुळती, सोनेरी पिशवी. आत काय आहे ते सांगायला नको. "कुठाय तुमचं सेलर?" वाइनच्या कोठाराचा भारदस्त शब्द वापरत त्याने हसत विचारलं.

रत्नदीप पुढे होणार, तोच लताबाईने संजीवचा दंड धरला आणि त्याला ओट्यापाशी नेलं. पाहुणे जमा झाले. निळ्या दिव्याखाली, रुबाबदार बाटल्यांसाठी कोरलेल्या फळीवर, तिची इवलीशी इंजेक्शनं आडवी निजली होती.

"पाहा जी," ती म्हणाली. "याच्या बापानं जन्मभर घरात बाटल्याच आणल्या. माह्या औषधाले कधी पैसा नव्हता. अन् पोरानं पाहा, मायच्या औषधाले काचेचं कपाट केलं."

संजीवला तो फ्रीज कशाचा आहे ते कळत होतं, रत्नदीपकडे त्याने पाहिलंही. पण माणूस वाटला तेवढा पोकळ नव्हता. "छान आहे, काकू," एवढंच म्हणून त्याने सोनेरी पिशवी पाठीमागे नेली, हळूच दाराजवळच्या चपलांच्या रॅकमागे सरकवली आणि जाताना उचलून घरी घेऊन गेला. रत्नदीपला भयंकर लाज वाटली. ज्याच्यावर छाप पाडायची त्याने आपली लाज राखावी, हे त्याला सर्वांत जड गेलं.

पाहुणे पांगले. लताबाई सायंकाळचं इंजेक्शन काढायला फ्रीजपुढे खाली बसली. खालच्या रिकाम्या फळ्यांवरून तिने एकेक करत हात फिरवला.

"रतन, इतकी जागा कायले ठेवली रे? माहं औषध तर एका फळीत मावते." मग मागे वळून, जरा भीतभीत, "मले इथंच ठेवून घ्यायचं मनात हाय का तुह्या?"

हे त्याच्या मनात कधीच आलं नव्हतं. महिनाभर काच, कॉम्प्रेसर आणि कुलूप यांचा विचार करणाऱ्या माणसाला आई परत जाऊन नागपुरात एकटीच राहणार आहे, हे एकदाही सुचलं नव्हतं. त्याने हर्षाकडे पाहिलं. हर्षाने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि होकारार्थी मान हलवली.

"हो, आई," रत्नदीप म्हणाला.