मेडशीच्या रांजणाजवळ

नाशिकहून निघताना कपडे दहा मिनिटांत भरून झाले. औषधांना मात्र अख्खी संध्याकाळ लागली. इन्सुलिनची दोन पेनं, सुया, साखर तपासायचं यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्या मागे माझा फोन नंबर. बर्फाचं पाकीट पेनांना चिकटू नये म्हणून मध्ये घडी केलेला रुमाल. हे सगळं निळ्या कापडी पिशवीत ठेवलं आणि वाशीमच्या मैत्रिणीकडे निघाले.

सकाळी अकोल्याहून एसटी धरली. होळी नुकतीच झाली होती. पातूर सोडल्यावर घाटात सागाची पानगळ आणि मधेच पेटल्यासारखा पळस. पातूरला माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या, वत्सलाबाई. मेडशीला त्यांचा भाजीचा मळा. मेथी, सांभार (कोथिंबीर) विकून परत चालल्या होत्या.

"एकट्याच निंगाल्या काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बेस केलं. फिरावं मानसानं."

मेडशीला त्या घाईघाईनं उतरल्या. तासाभरानं वाशीमला मैत्रिणीच्या घरी मी पिशवी उघडली, तर आत सांभाराच्या दोन जुड्या आणि वजनमापं. पिशव्या सारख्याच होत्या. रविवार होता. मैत्रिणीनं ओळखीच्या औषधवाल्यांना फोन केले. माझ्या प्रकारचं इन्सुलिन उद्याच मिळेल, असं उत्तर आलं. बाहेर रणरणतं ऊन आणि पाकिटातला बर्फ एव्हाना वितळला असणार.

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मी करीम, मेडशीहून. किराना दुकान हाय माहं. तुमची दवाई वत्सलाबाईजवळ हाय. फिकर नोका करू."

मैत्रीण सोबत येते म्हणाली, पण मी वत्सलाबाईंची पिशवी घेऊन एकटीच उलट्या बसनं मेडशी गाठली. वत्सलाबाईंच्या अंगणात लिंबाखाली पाण्याचा रांजण, बुडाशी ओली वाळू. वाळूत एक झाकणबंद डबा अर्धा पुरलेला, त्यावर भिजवलेलं पोतं. आत माझी पेनं, कोरडी आणि गार.

"मी तं दुकानातल्या बरफातच ठेवून राह्यली होती," वत्सलाबाई म्हणाल्या. "पन यानं हात धरला."

बाजूला बाजेवर बसलेले करीमभाई हसले. "बरफानं गोठली तं बेकार होते ना दवाई. माह्या अम्मीलेबी हेच इंजेक्शन हाय. चिठ्ठी वाचली अन् वळखलं."

माझे डोळे भरून आले. मी आभार मानायला लागले, तर वत्सलाबाईंनी हात झटकला. "चूक माहीच. पिसवी पाह्याले नोको व्हती काय मी? आता जेवूनच जा."

चुलीवरची ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मळ्यातल्या वांग्यांची भाजी. जेवणाआधी सुई घ्यायची म्हणून मी आडोसा शोधू लागले. गेली आठ वर्षं मी ती प्रवासात लपूनच घेत आले आहे, बसस्टँडच्या घाणेरड्या स्वच्छतागृहांतसुद्धा.

"काहून उठल्या?" वत्सलाबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"मंग इथंच घ्या ना. कोन्ती चोरी हाय त्याच्यात?"

करीमभाई सावकाश उठून गुरांना पाणी दाखवायला गेले. मी लिंबाखाली बसून सुई टोचली. वत्सलाबाई शेजारीच भाकर थापत होत्या. "दुखते काय?" एवढंच त्यांनी विचारलं. "फारसं नाही," म्हटल्यावर गरम भाकर माझ्या ताटात पडली.

पुढचे चार दिवस छान गेले. मंगरूळपीरचा दर्गा पाहिला, वाशीमच्या बाजारात हिंडले. नाशिकला परतताना गाडीत बसून विचार करत होते. माणूस किती जपून औषधं बांधतो आणि त्याहून जपून आपलं आजारपण झाकतो. ज्यांची माझी ओळखही नव्हती, त्या दोघांनी त्याच्याकडे पाहिलं ते रानातल्या पिकाकडे पाहावं तितक्या सहजपणे.

घरी पोचून चप्पल काढते न काढते तोच वत्सलाबाईंचा फोन आला.

"पोचल्या काय?"

"पोचले."

"बरं झालं. आता पुढच्या खेपेले वाशीम मंग, पह्यले मेडशीले उतरजा."