अण्णांचा उजवा पाय

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही — म्हणजे आज सकाळपर्यंत नव्हतं सांगितलं. आता तुम्हालाही सांगून टाकते, नाहीतर पुन्हा दातखीळ बसायची.

आमची जुनी ऑटोमॅटिक गाडी सुरू करणं म्हणजे एक सोहळा असे. माझे वडील — अण्णा — गिअरचा लिव्हर न्यूट्रलवर घेऊन मागेपुढे हलवत, तिची मनधरणी करत किल्ली फिरवायचे. लिव्हर कुठे आहे हे ओळखणारा गिअरबॉक्सवरचा स्विच सरकला होता, त्याला न्यूट्रल पटकन कळत नसे, एवढंच. मी व्हिडिओ पाहिले, बोल्ट सैल केले, स्विच फिरवला, बोल्ट आवळले. न्यूट्रलवर गाडी झटक्यात सुरू! मग काय, माझे पाय जमिनीवर ठरेनात.

एक मात्र तपासलं नाही — लिव्हर ड्राइव्हवर, म्हणजे गाडी पुढे नेणाऱ्या गिअरवर, असताना ती सुरू होत नाही ना? स्विच असतो तो त्यासाठीच की. माझ्या हातून तो जरा जास्तच फिरला होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सवयीने लिव्हर हलवत किल्ली फिरवली. लिव्हर ड्राइव्हवर गेला, तरी गाडी सुरू झाली आणि थेट आमच्या फाटकावर आदळली. कुणाला लागलं नाही. पण जे. पी. नगरातली आमची अख्खी गल्ली म्हणाली, वय झालं, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. अण्णाही तेच म्हणाले.

मला कळलं होतं. लगेच कळलं होतं. आणि मी काय केलं? दुपारी सगळे झोपल्यावर स्विच गुपचूप नीट बसवला. भित्रेपणा आणखी कशाला म्हणतात?

अण्णांनी किल्ली स्वतःहून माझ्या हातात दिली. दर रविवारी ते के. आर. पुरमला अक्काकडे, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, एकटे जायचे. आता मला वेळ असेल तेव्हाच. इस्त्रीचा शर्ट घालून कितीदा नुसते बसून राहिले! चालतानाही स्वतःच्या उजव्या पायाकडे संशयाने पाहायचे. ते पाहूनही मी वर्षानुवर्षं गप्प — आपल्या माणसाशी असं कुणी वागतं का?

आज अक्काकडे निघताना गाडीत बसल्यावर सगळं सांगितलं. अण्णांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

“म्हणजे पाय माझा बरोबर होता की गं,” एवढंच म्हणाले. मग हात पुढे केला. “सरी, बरं. किल्ली दे.”

मी उतरले. त्यांनी सीट मागे घेतली, आरसा नीट केला, आणि गाडी अगदी अलगद फाटकातून बाहेर काढली. मला सोबत नेलं नाही. मी फाटक लावून घेतलं. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!