हरीश खोतांचा ससा

कुवेतमधल्या रिग्गईतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हरीश खोत एकटे राहतात. मूळचे देवगडचे, वय त्रेपन्न, इस्पितळात एक्स-रे काढतात. एकोणीस वर्षांत अर्ध्या कुवेतच्या बरगड्या त्यांनी पाहिल्या असतील, पण "श्वास घ्या, धरा, सोडा" यापलीकडे कुणाशी बोलणं झालेलं नाही. पत्नी सुरेखाताई मुलाच्या कॉलेजसाठी आठ वर्षांपूर्वी पुण्याला गेल्या. मुलाला नोकरीही लागली, पण त्या तिथेच रुळल्या. भांडण वगैरे काही नाही. रोज फोन येतो, "जेवलात का?" विचारतो आणि बंद होतो.

अशा माणसाला साधारणपणे मधुमेह किंवा भजनी मंडळ गाठतं. खोतांना मजीद गाठला.

मजीद इस्पितळाच्या स्टोअरमधला, अहमदीचा, साठीला आलेला कुवेती. तरुणपणी त्याने बंदूक घेऊन वाळवंट पालथं घातलं होतं. आता बंदूक गेली, कॅमेरा आला. खोकडाला, म्हणजे कोल्ह्याच्या त्या सडपातळ धाकट्या भावाला, आवाज काढून समोर बोलवायचं आणि फोटो काढायचा, हा त्याचा छंद. जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे तो खोतांना सालमीच्या रस्त्याने वाळवंटात घेऊन गेला. झुडपाला पाठ लावून बसवलं, वारा तोंडावर घेतला आणि स्वतःच्या पालथ्या हाताला ओठ लावून असा काही आवाज काढला की खोतांच्या अंगावर काटा आला. फासात अडकलेला ससा ओरडतो तसा. खोकडाला वाटतं, न्याहारी तयार आहे.

मग खोतांनी प्रयत्न केला. मजीदने कॅमेरा खाली ठेवला.

"सदीक, दोस्त, ये खरगोश नहीं. ये टायर पंक्चर है. घर में प्रॅक्टिस करो. और आवाज के बाद दस मिनिट चुप. तुम बहुत बात करता है."

"मैं? किससे?"

"अपने से."

खोतांना हे नवीन होतं. एकटं राहून राहून आपण मोठ्याने बोलतो, हे त्यांना सांगणार तरी कोण?

सराव सुरू झाला. ड्युटीवरून आलं की संध्याकाळी सात वाजता, गादीवर मांडी घालून. चौथ्या दिवशी पंक्चर निघालं आणि ससा आला. असा ससा, की खोत स्वतःच दचकले. त्यांनी अर्धा मिनिट टाहो फोडला, थांबले, पुन्हा फोडला. आणि दाराची बेल वाजली.

वरच्या मजल्यावरच्या वीणाताई. लातूरच्या, पेशाने नर्स, हातात डबा.

"भाऊ, वांग्याची भाजी जास्त झाली होती," असं त्या डब्याकडे बघत म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वरण जास्त झालं होतं. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन त्यांचे यजमान अजय आले. बँकेतला हा अबोल माणूस चक्क अर्धा तास बसला, पुण्याच्या पाण्यापासून रुपयाच्या भावापर्यंत बोलला आणि उठताना खोतांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं हो असं. मोकळं व्हावं माणसानं. मनात ठेवू नये."

तेव्हा कुठे खोतांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते सांगणारच होते, तोंड उघडलंही होतं. पण डब्यात पुरणपोळी होती.

त्यानंतर सराव कधी चुकला नाही. बरोबर सातला, खिडकी जरा उघडी ठेवून. सर्दी झाली तेव्हाही खोत रडले, म्हणजे ओरडले. डबा रिकामा परत करायचा नाही हे वळण, म्हणून मजीदच्या खजुरांनी भरून तो वर जायचा. दोन महिन्यांत खोतांचं वजन तीन किलो वाढलं. वाळवंटात मात्र एकही खोकड फिरकलं नाही. पोट भरलेल्या माणसाच्या आवाजात ती कळ येत नाही, असं मजीदचं मत.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ते आलं. कान केवढे, अंग केवढंसं. वीस पावलांवर थांबलं. ससा नाही, एक चष्मेवाला गृहस्थ आहे, हे त्याला कळलं असावं, तरी ते लगेच पळालं नाही. खाली बसलं आणि खोतांकडे बघत राहिलं. खोतांनी टाहो चालूच ठेवून दुसऱ्या हाताने मोबाईलवर एकोणीस सेकंद टिपलं. मग ते उठून आपल्या वाटेने गेलं.

दुपारी व्हिडिओ सुरेखाताईंना गेला, अंगठा आला. मुलाला गेला, "नाइस, बाबा" आलं. मजीदने अशी शंभर पाहिलेली. खोतांना कुणाच्या तरी शेजारी बसून तो दाखवायचा होता. आणि शेजारी बसण्याइतकं जवळचं घर एकच.

धुतलेला डबा खजुरांनी भरून ते जिन्यात उभे राहिले. व्हिडिओ दाखवला तर डबा बंद. आवाज बंद करून दाखवता आला असता. हा विचार त्यांनी चार पायऱ्या केला. पण त्या एकोणीस सेकंदांत त्यांचं स्वतःचं असं काय होतं? तेवढा आवाजच.

वर सगळे घरात होते. खोतांनी मोबाईल टीपॉयवर उभा केला. टाहो घुमला. त्यांची आठ वर्षांची मुलगी अक्षरा मान वर न करता म्हणाली, "मम्मी, अंकल इज क्रायिंग अगेन." मग तिने स्क्रीन पाहिली, समोर बसलेले अंकल पाहिले आणि चित्रकलेची वही मिटली.

"म्हणजे दोन महिने मी सशाला डबा देत होते?" वीणाताई म्हणाल्या.

अजयना हसू आवरेना. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. वीणाताई हसल्या नाहीत.

"एक दिवस भाकरी थापता थापता मी पण रडले, भाऊ. तुमचं ऐकून."

"चुकलं माझं."

"पहिल्याच दिवशी सांगायचं ना."

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आला असतात?"

वीणाताई उठल्या. डबा घेतला, खजूर बशीत काढले. अक्षराने व्हिडिओ आणखी तीनदा लावला.

रविवारपासून डबा बंद झाला. राग कुणालाच नाही. वरण जास्त होत नाही, इतकंच. जिन्यात भेटले की वीणाताई "काय म्हणतो ससा?" असं विचारतात आणि दोघं हसतात.

परवा खोतांनीच मला हे सगळं सांगितलं, व्हिडिओसकट. "आता पंचाईत अशी," ते म्हणाले, "की उद्या मी खरंच रडलो, तर अख्खी इमारत म्हणेल, खोतांचा सराव चाललाय."

मी हसलो. तेही हसले. मी निघायला उठलो, तेव्हा त्यांनी चहाचं विचारलं आणि मी नको म्हणायच्या आत दोन कपांचं आधण ठेवलं.