काशी-श्रीपतचं जमेपर्यंत

कादंबरी एकीनं लिहायला घेतली तरी तिचा ताप चौघांना होऊ शकतो, हे मला सुषमाताईंमुळे कळलं. पुस्तक अजून छापून यायचंय, पण ते लिहिताना जे घडलं त्याचंच दुसरं पुस्तक होईल, इतकं साचलंय.

सुषमाताई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, राहायला नागपुरात, हुडकेश्वरला. कादंबरी भोसल्यांच्या काळातल्या नागपूरची. काशी विणकराची मुलगी, श्रीपत पागेतला स्वार. दोघं लहानपणचे दोस्त आणि हळूहळू प्रेमात पडतात. ‘हळूहळू’ हा शब्द ताईंनी जरा जास्तच मनावर घेतला होता.

दर रविवारी सकाळी आम्ही त्यांच्याकडे जमायचो. टायपिंग माझ्याकडे. संवाद कानाला कसे लागतात ते कळावं म्हणून ताई ते मोठ्यानं वाचून घ्यायच्या. श्रीपत वाचायचे मनोहरजी, कळमेश्वरचे संत्र्याचे व्यापारी. काशी वाचायच्या निर्मलाबाई, ताईंच्याच गल्लीत त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान. मनोहरजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. निर्मलाबाईंनी लग्नच केलं नव्हतं. दोघांची ओळख जुनी, एकमेकांची खेचण्याइतकी.

*

एका प्रकरणात श्रीपत काशीला भेटायला जातो. मनोहरजी म्हणाले, “हा संत्री नेईन ना संगं?”

ताई म्हणाल्या, “तेव्हा इथं संत्री आली होती की नव्हती, मला खात्री नाही.”

“मंग बोरं देऊ द्या. पण हात हलवत कसा जाईन तो?”

ताईंनी बोरं लिहिली. पुढच्या रविवारी मनोहरजींनी निर्मलाबाईंसाठी खरंच पिशवीभर बोरं आणली. निर्मलाबाईंनी एक चाखून पाहिलं आणि म्हणाल्या, “श्रीपतनं पयले खाऊन पाहाले पायजे होतं.”

*

अर्धी कादंबरी संपली तरी दोस्तीच चालू. मनोहरजींचा धीर सुटला.

“ताई, हे दोघं अजून दोस्तच काहून आहेत?”

“प्रेम असं ताबडतोब होत नसतं.”

“मान्य आहे. पण त्याचं घोडं म्हातारं होऊन राहिलं.”

*

मग रामटेकचं प्रकरण आलं. गड चढता चढता काशी श्रीपतला मनातलं खूप काही सांगते, असं ताईंनी पानभर लिहिलं होतं. चढताना एवढं बोलता येतं का, ते बघायला आम्ही सगळे रामटेकला गेलो. पुढे निर्मलाबाई कागद घेऊन, शेजारी मनोहरजी, मागे आम्ही दोघी.

निर्मलाबाईंनी सुरुवात जोरात केली. “श्रीपत, बालपणापासून माझ्या अंतःकरणात...” पुढच्या वळणावर त्या पायरीवर बसल्याच. “थांबा जरा.”

“थांबलो,” मनोहरजी म्हणाले आणि उन्हाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांची सावली निर्मलाबाईंवर पडली.

ताईंनी तिथेच पेन काढून अख्खं भाषण खोडलं. आता पुस्तकात तेवढंच आहे. ती म्हणते थांब, तो म्हणतो थांबलो, आणि सावली.

*

श्रीपत मोहिमेवर निघतो तेव्हाचं भांडण ताईंना चढ्या आवाजात हवं होतं. अंगणात वाचन चाललं होतं. “गेलास तर पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस,” निर्मलाबाई ओरडल्या.

शेजारचे घाटोळेकाका फाटक उघडून थेट आत आले. त्यांनी मनोहरजींच्या खांद्यावर हात ठेवला. “मोठ्या बहिनीवानी हाय ते आमाले. नका छळू तिले.”

मनोहरजी शांतपणे म्हणाले, “काका, मोहीम आहे. राजाचा हुकूम आहे.”

काका म्हणाले, “मंग तिले संगं घेऊन जा.”

*

शेवटच्या प्रकरणाआधी मनोहरजींनी सांगितलं, “पोरगा पुण्याले बोलावते. एकटे काहून राहता म्हणते. जाईन म्हणतो पुढच्या महिन्यात.” निर्मलाबाई चहाचे कप उचलत होत्या. त्या उचलत राहिल्या. त्यानंतरचे दोन रविवार त्या आल्याच नाहीत. दुकानात गर्दी आहे, असा निरोप आला.

तिसऱ्या रविवारी आल्या. प्रकरण निरोपाचं होतं. श्रीपत म्हणतो, “निघतो मी.” काशी काहीच बोलत नाही, नुसती बघत राहते. ताईंनी तसंच लिहिलं होतं आणि मीच टाइप केलं होतं.

“निघतो मी,” मनोहरजींनी वाचलं.

निर्मलाबाईंनी कागद मांडीवर ठेवला. “तू नको जाऊ गा.”

ताईंनी चष्मा वर केला. “हे कुठे लिहिलंय?”

मनोहरजींनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला, फोन काढला आणि मुलाला लावला.

“हॅलो. अरे, मी येऊन नाही राहिलो.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ते निर्मलाबाईंकडे बघत म्हणाले, “काही नाही गा, तब्येत एकदम बरी आहे.”