आत्याचा बर्फ

आत्याने जन्मभर आइस्क्रीमचं दुकान चालवलं. मग तिच्या किडन्यांनी हात टेकले आणि डायलिसिस सुरू झालं. दूध, चॉकलेट, सुकामेवा सगळं बंद; पाणीसुद्धा मोजून. तहानेने तिची जीभ टाळूला चिकटायची. आम्हा दीडशहाण्यांना वाटलं, पाणी नको तर बर्फ देऊ. वाटीवाटीने बर्फ चघळून तिचे पाय सुजून खांबासारखे झाले.

दवाखान्यातल्या डाएटिशियन बाई म्हणाल्या, "अहो, बर्फ म्हणजे पाणीच ना? फ्रीजरमधली द्राक्षं द्या, तीही मोजकीच."

घरी आल्यावर माझं डोकं फिरलं होतं. "आत्या, वितळलेलं आइस्क्रीम कोणी बदलून मागितलं, तर 'आता ते पाणी झालं' म्हणून हाकलायचीस. आणि तुला हे कळलं नाही?"

"कळत होतं की," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पण तुम्ही देत होतात."

रात्री मी वाटीत चार गोठलेली द्राक्षं घालून दिली. तिने एक गालात धरलं.

"गोड आहे का?" मी विचारलं.

"गार आहे," ती म्हणाली.